हळर्णचा जावई

(पोस्टकार्ड)

कामगार विमा दवाखाना,
वडाभाट, ता. डिचोली, गोवा
१२ नोव्हेंबर १९९६

श्री. परशुराम धोंडिबा तुपारे,
मु. हाळवाडी, ता. चंदगड, जि. कोल्हापूर

आपण दि. १८ ऑक्टोबरपासून क्षयरोगाचे औषध नेण्यास आलेला नाहीत. औषध मध्येच सोडल्यास रोग उलटतो व इतरांनाही होतो. हे कार्ड मिळताच दवाखान्यात यावे. येताना विमा कार्ड आणावे.

सिद्धी हळर्णकर
प्रयोगशाळा तंत्रज्ञ


हाळवाडी
२० नोव्हेंबर १९९६

सिद्धी हळर्णकर बाईंना,

रंजना परशुराम तुपारेचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. मला मिळायच्या आधी गावाला मिळालं. आमचा पोस्टमन रामचंद्र ज्यांना वाचता येत नाही त्यांना पत्रं वाचून दाखवतो, आणि ज्यांना येतं त्यांचीही आधी आपण वाचून घेतो. मी डेअरीवर दुधाच्या रांगेत उभी होते. तिथंच त्यानं हाक मारली, "वहिनी, दादाला क्षय झालाय म्हणं की!" माझ्या पुढची बाई रांग सोडून बाजूला झाली. मागचीही झाली.

बाई, मी सातवी शिकले आहे. तुम्ही माझ्याहून पुष्कळ शिकलेल्या असाल. उघड्या कार्डावर असं कुणी लिहितं का? तुमच्या दवाखान्यात पाकिटं मिळत नाहीत का? गडहिंग्लजचे पाहुणे रविवारी माझ्या वर्षाला बघायला येणार होते. शनिवारी निरोप आला, घरात अडचण आहे. कुणाच्या घरात ते सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट. वर्षाचे बाबा इथं नाहीत. गणपतीला आले तेव्हा खोकत होते. विचारलं तर म्हणाले, खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ आहे, तिकडं सगळेच खोकतात. दसऱ्याला आले नाहीत. दिवाळीला आले नाहीत. बाटल्यांच्या कारखान्यात ओव्हरटाइम चाललाय म्हणून निरोप. तुम्ही म्हणता तुमच्याकडंही येत नाहीत. मग माणूस आहे कुठं?

इथला पत्ता त्यांनीच दिला असणार. पत्ता विचारला की माणूस आपल्या घराचाच सांगतो.

रंजना तुपारे


वडाभाट
२८ नोव्हेंबर १९९६

श्रीमती रंजना तुपारे यांस,

सा. न. आपले पत्र परवा मिळाले. हे उत्तर पाकिटातून पाठवत आहे.

कार्डाबाबत चूक माझी आहे. मजकूर छापील नमुन्यातला आहे, पण खाली सही माझी असते. वर्षभर मी अशी कार्डे पाठवत आले. ती घरी कोण वाचते याचा विचार केला नव्हता. यापुढे कोणालाच उघडे कार्ड पाठवणार नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत जे झाले ते मला दुरुस्त करता येणार नाही, हे मला कळते.

काल दवाखाना बंद झाल्यावर श्री. तुपारे यांच्या खोलीवर गेले. तिथे अकरा माणसे राहतात आणि चटया सहा आहेत. दिवसपाळीवाले उठले की त्याच चटयांवर रात्रपाळीवाले झोपतात. बेळगावकडचे अविनाश नावाचे एक गृहस्थ बोलले. म्हणाले, "आम्ही जा म्हटलं नाही मॅडम. फक्त त्यांच्या चटईवर निजायला कोण तयार होईना." श्री. तुपारे १८ ऑक्टोबरला ट्रंक घेऊन गेले. त्या दिवसापासून ते कामावरही नाहीत.

गोव्यात त्यांच्या ओळखीचे कोणी आहे का? असल्यास लगेच कळवावे. औषध थांबून आज एक्केचाळीस दिवस झाले.

सिद्धी हळर्णकर


हाळवाडी
५ डिसेंबर १९९६

सिद्धीबाई,

चूक माझी आहे असं लिहिलेलं पत्र मला आयुष्यात पहिल्यांदा आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सरकारी माणूस नसंल ती."

ओव्हरटाइमचा निरोप कुणाच्या हाती आला होता ते मी आता शोधलं. साखळीच्या बसस्टँडजवळ जानकी म्हणून आमच्या शेजारच्या गावची बाई खानावळ चालवते, तिचा भाऊ घेऊन आला होता. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. यांना पाव चालत नाही. पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं म्हणतात, आणि आजारी पडले तर मुळीच शिवणार नाहीत. नाचणीची भाकरी नसेल तर हा माणूस चहावर दिवस काढतो. तेव्हा जिथं भाकरी थापतात तिथंच बघा. जानकीकडं जा. नाही म्हणाली तरी मागच्या दारानं जा.

मी आजच निघाले असते. पण सासूबाईंना मांडीचं हाड मोडल्यापासून दोघींनी धरून उठवावं लागतं. वर्षा म्हणते, "आई, तू जा, मी बघते." ती अठराची नाही अजून. ती असंही म्हणते की एका कार्डानं ज्यांचे पाय लटपटले त्यांच्या घरात मी कशाला जाऊ. तोंडानं आईवर गेली आहे.

एक खरं सांगा. बरा होतो का हा रोग? माझे थोरले दीर याच खोकल्यानं गेले.

रंजना


वडाभाट
१८ डिसेंबर १९९६

श्रीमती रंजना तुपारे यांस,

सा. न. बरा होतो. सहा महिने रोज गोळ्या घेतल्या तर.

श्री. तुपारे रविवारी सापडले. आपण सांगितल्याप्रमाणे मी जानकीबाईंच्या खानावळीच्या मागच्या दाराने गेले. ते लाकडे फोडत होते. मी नाव विचारले. "मी परशुराम न्हवं," म्हणाले. आतून जानकीबाई ओरडल्या, "मग कोण रं तू? भटजी हायस?" त्यानंतर त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

औषध का सोडले ते विचारले. खोलीत स्वयंपाकाची पाळी त्यांच्या वाट्याला येईनाशी झाली होती. रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन उलट्या होत. आजारपणाच्या रजेचा पगार विम्यातून मिळतो, पण त्या कागदावर कारखान्याची सही लागते. म्हणजे कारखान्याला कळणार, आणि मग गावाला. म्हणून त्यांनी कागद नेलाच नाही. घरी सांगू नका, असे ते मला पुनःपुन्हा म्हणाले. मी म्हटले, ते मी आधीच सांगून बसले आहे. त्यांनी फोडलेली लाकडे एकावर एक रचली. मग विचारले, "रंजी काय म्हणाली?" रागावल्या आहेत, असे मी सांगितले. त्यांना बरे वाटल्यासारखे दिसले.

रजेचा कागद मी स्वतः कारखान्यात नेऊन सही करून आणला. औषध कालपासून पुन्हा सुरू केले आहे. डॉक्टरांच्या मते पहिले दिवस धरायचे नाहीत. म्हणजे शेवटची गोळी १७ जूनला. त्यांचे वजन आपल्याला सांगू नये असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून सांगत नाही.

खानावळीच्या गर्दीत त्यांना ठेवणे योग्य नाही. विमा योजनेत अशा रुग्णांच्या राहण्या-जेवणाची सोय आहे. त्याप्रमाणे पेडणे तालुक्यात हळर्ण येथे काजूच्या बागेतला मांगर, म्हणजे राखणदाराची खोली, मिळाला आहे. वारा खेळता आहे. जेवण जवळच्या घरातून येते. भाकरी नाचणीची असते. माझे जाणे-येणे त्याच बाजूने असल्यामुळे गोळ्या माझ्यासमोर घेतल्या जातील.

सिद्धी हळर्णकर


हाळवाडी
४ जानेवारी १९९७

सिद्धीबाई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. राहायला जागा, वर जेवण, तेही नाचणीचं! चार वर्षं यांच्या पगारातून विमा कापतात, आणि मी दर सुट्टीला भांडायचे की हे चोर कापतात कशाला. आता तोंडात मारून घेतली. मी पाणवठ्यावर सगळ्यांना सांगितलं, आमचे मालक सरकारी खर्चानं बागेत राहतात, हक्कानं खातात, कुणाचं मिंधं नाही. ज्या बाईनं दुधाची रांग सोडली होती ती म्हणाली, "अगं बाई, असं असतं व्हय?" मी म्हटलं, असतं. कागद करावे लागतात.

सोबत एसटीच्या कंडक्टरकडं नाचणीचं पीठ पाठवलं आहे. तिथं रांधणारी बाई कोण आहे? तिला सांगा, पाणी चांगलं उकळू दे, मगच पीठ मळायचं. नाहीतर भाकरी चिरते आणि ते चिरलेली भाकरी बाजूला सारतात. बोलत नाहीत, नुसती सारतात.

तुमच्याविषयी यांनी चिठ्ठीत लिहिलंय, "मॅडम हसत नाहीत पण गोळी गिळेपर्यंत हलत नाहीत." लग्न झालंय का तुमचं? नसेल तर का नाही?

रंजना


वडाभाट
३० जानेवारी १९९७

श्रीमती रंजनाबाई यांस,

सा. न. पीठ मिळाले. आपली सूचना रांधणाऱ्या बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "तिका सांग, पेडण्याच्या बायलांक भाकरी शिकोवची गरज ना." तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी जास्त वेळ उकळलेले मी पाहिले.

खोकला कमी आहे. आता वजन सांगायला श्री. तुपारे यांची हरकत नाही. सेहेचाळीस किलो. आधीचे अजून सांगायचे नाही. काजूला मोहोर आहे. ते माकडे हाकतात आणि दमत नाहीत.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देणे आवश्यक वाटत नाही.

सिद्धी


हाळवाडी
२६ एप्रिल १९९७

सिद्धी हळर्णकर बाईंना,

आमच्या शेजारच्या वाडीतल्या शांतारामची बायको गुरुवारी तुमच्या दवाखान्यात आली होती. तुम्ही त्या दिवशी कुठल्या तरी शिबिराला गेला होता. तिचा नवराही तिकडं विम्याचा कामगार आहे, त्याला दमा आहे. मी सांगितलं होतं म्हणून ती रेशन कार्ड आणि दोन फोटो घेऊन, बस बदलत आली. खिडकीवरच्या गोपाळ कारकुनाला म्हणाली, "भाकरीचा फॉर्म द्या."

तो म्हणाला, "कसलो फॉर्म?"

"भाकरीचा. आणि बागेत राहायचा. हाळवाडीच्या तुपाऱ्याला दिला तो."

तो इतका हसला की आतून डॉक्टर बाहेर आले. "बाये, हांगा गोळ्यो मेळटात, भाकरी न्हय." डॉक्टर हसले नाहीत म्हणे. असा फॉर्म नाही, कधी नव्हता, असं त्यांनी तिला नीट सांगितलं. ती तिथून जानकीकडं गेली. जानकी म्हणाली, मांगर हळर्णकरांचा आहे. रांधते ती विनोदिनी हळर्णकर. तुमची आई.

मी अख्ख्या गावाला हक्क म्हणून सांगितलं. पाठवलं ते पाच शेर पीठ. बाकी चार महिने माझा नवरा तुमच्या चुलीवर जेवतो आहे आणि मी पाणवठ्यावर मान वर करून उभी आहे. तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं असतं तर मी जमीन गहाण टाकली असती, पण भीक घेतली नसती. पहिलं कार्ड बरं होतं. त्यात खरं तरी होतं.

त्यांनाही आजच लिहिलं आहे. शुक्रवारी २ तारखेच्या गाडीनं घरी यायचं.

रंजना परशुराम तुपारे


हळर्ण
१ मे १९९७

रंजनाबाई,

उद्या श्री. तुपारे निघत आहेत. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे.

मी खोटे लिहिले. राहण्या-जेवणाची अशी कोणतीही सोय विमा योजनेत नाही. औषध आहे, रजेचा पगार आहे. ज्याला झोपायला चटई मिळत नाही त्याने ते औषध कुठे बसून घ्यायचे, याबद्दल नियमात काही नाही. त्या रविवारी मी घरी येऊन आईला नुसते घडले ते सांगितले. ती म्हणाली, "खोकलो जालो म्हणून मनशान खंय वचप?" खोकला झाला म्हणून माणसाने जायचे कुठे, एवढे म्हणून ती मांगर झाडायला गेली. मला वाटले, खरे सांगितले तर तुम्ही नको म्हणाल. योजना म्हटले तर घ्याल. श्री. तुपारे यांनाही मी तेच सांगितले होते, की आमच्या घराला सरकार पैसे देते. हिशेब बरोबर होता, पण तो तुमच्या वतीने करायचा मला अधिकार नव्हता.

शांताराम यांच्या पत्नीला मी शुक्रवारीच, त्या गावी परतण्याआधी, भेटून आले. दवाखान्यात यायचे बसभाडे देण्याचा नियम आहे. तो कोणी त्यांना सांगितलेला नव्हता. अर्ज भरून दिला. भाकरीचा नियम नाही. असायला हवा. डॉक्टरांनी माझा लेखी खुलासा मागितला, तो दिला. त्यालाच एक विनंती जोडली की केस-पेपरवर तीन ओळी वाढवाव्यात: कुठे झोपता, कोण रांधते, कोणाला कळू नये. डॉक्टर बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "उत्तरे आली म्हणजे काही करावे लागेल ना?" मी हो म्हटले. त्यांनी सही केली.

आता सत्तेचाळीस दिवस राहिले आहेत. खोकला नाही, भूक आहे, वजन त्रेपन्न आहे. अशाच वेळी माणसाला वाटते आपण बरे झालो. ते बरे झालेले नाहीत. आत्ता सुटले तर पुढच्या वेळी या गोळ्या लागू पडतील याची खात्री नाही, आणि दुसऱ्या गोळ्या आमच्याकडे नाहीत. तुमच्या गावाहून जवळचा विमा दवाखाना कोल्हापूरला आहे. रोज जाणे होणार नाही. सोबत सात दिवसांचे औषध दिले आहे. त्याहून जास्त मला देता येत नाही.

तुम्ही बोलावले म्हणून ते येत आहेत. तुम्ही सांगाल तेच करतील. माझा राग धरा. मी खोटे बोलले, तो योग्यच आहे. पण त्यांना परत पाठवा.

ही शेवटची ओळ मी तंत्रज्ञ म्हणून लिहिलेली नाही.

सिद्धी


हाळवाडी
३ मे १९९७

सिद्धी,

हे पत्र मीच घेऊन येते आहे. समोर आले की मला बोलता येणार नाही, मी भांडेन किंवा रडेन. म्हणून आधी हे वाच. मी तोवर तुझ्या आईपाशी बसते.

काल ते गाडीतून उतरले आणि मी ओळखलं नाही. गणपतीला गेले तेव्हा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. काल गाल भरलेले, आणि ट्रंक स्वतःच्या हातानं उतरवली. मी भांडायची तयारी करून उभी होते. त्यांनी तुझं पत्र दिलं, आणि माझ्यासमोर घड्याळ बघून गोळी घेतली. पाणी मी दिलं नव्हतं. त्यांनीच घेतलं. तू काय शिकवलं आहेस माझ्या नवऱ्याला!

संध्याकाळी सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. मी म्हटलं, आता सांगा, दीड महिना परक्याच्या दारात कसं ठेवायचं माणसाला? त्या म्हणाल्या, "परकं हाय तर परकं ठेवू नको. तिथं माहेर कर."

माझे आईवडील मी सोळाची असताना गेले. भाऊ नाही. बाळंतपणाला, दिवाळीला, कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता मला. वीस वर्षांत मी कुणाची ओटी भरून निघाले नाही की कुणी माझी भरली नाही. आता उद्या पहाटेच्या गाडीनं मी हळर्णला येते आहे. सोबत खण आहे, नारळ आहे. तुझ्या आईच्या पायांवर डोकं ठेवणार आणि लेक म्हणून घे म्हणणार. कडक आहे म्हणतात हे. असू दे, मीही आहे. तिनं घेतलं, तर हे त्या घरचे जावई झाले. मग सत्तेचाळीस दिवस काय, वर्षभर राहू देत. जावई सासुरवाडीत जेवला तर त्याला गावात कुणी भीक म्हणत नाही. उलट तोच रुसतो, की मटण केलं नाही.

तिनं नाही घेतलं तर मी लगेच फिरेन, त्यांना मात्र तिथंच ठेवून. तेवढं मी रात्रीच ठरवलं.

मिरगापर्यंत मी राहीन. घरी चुलत जाऊ येऊन राहिली आहे, वर्षा आहे. तुझ्या चुलीत मी लुडबुड करणार नाही. भाकरी मात्र मी थापणार.

आणि थोरली बहीण म्हणून आता विचारते आहे. लग्न का नाही? आता उत्तर द्यावं लागेल.

रंजना


हळर्ण
२० जून १९९७

ती. रंजनाताई,

सा. न. तू गेल्यापासून आई रोज दोन भाकऱ्या जास्त करते आणि मला दोष देते. पेरणी झाली का ते कळव.

दाजींची थुंकी १७, १८ आणि १९ अशी तीन दिवस तपासली. प्रत्येक काचपट्टीवर शंभर जागा पाहायच्या असतात. मी तीनशे पाहिल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही बोलावून दाखवले. ते म्हणाले, "किती वेळ बघणार? नाही म्हणजे नाही." एकही जंतू नाही. रिपोर्टवर त्यांनी सही केली, मी केली. मूळ प्रत पाकिटात घालून दाजींकडे देते आहे. रामचंद्र पोस्टमनला हवी तर वाचू दे. हवी तर डेअरीवर वाचू दे.

कारखान्यात ते १ जुलैला रुजू होतील. तोवर घरी विश्रांती. पाऊस असला तरी खिडक्या बंद करू नका. खोलीवर परत जायचे नाही, इथूनच कामावर जायचे, असे आईने परस्पर सांगून टाकले आहे. मला विचारले नाही.

दाजी रविवारच्या गाडीने येत आहेत. जावई रिकाम्या हाताने जात नाही म्हणून आईने एक फणस, काजू आणि वर्षाला साडी बांधली आहे. फणस जड आहे, उचलू नका म्हटले. ऐकले नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते मी पत्रात लिहिणार नाही. चतुर्थीला तू आलीस की सांगेन.

औषध मंगळवारीच संपले. तरी आज सकाळी मी सवयीने पाण्याचा तांब्या घेऊन मांगरात गेले. दाजी ट्रंक भरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तांब्याकडे पाहिले. हात पुसले आणि ते पाणी सगळे पिऊन टाकले.

तुझी,
सिद्धी